कोलंबसने राखलेला क्लब

२०१३ साली ओहायो राज्यातला ‘कोलंबस क्रू’ हा फुटबॉल क्लब विकला गेला. विकणारं हंट कुटुंब, घेणारे कॅलिफोर्नियाचे अँथनी प्रीकोर्ट. क्लब कोलंबसमध्येच ठेवायचा, असं बंधन व्यवहारात होतं. पण एका शहराचा अपवाद करून ठेवला होता. ते शहर म्हणजे टेक्सस राज्यातलं ऑस्टिन. गावातल्या चाहत्यांना या अपवादाचा पत्ताच नव्हता. चार वर्षं ते नव्या मालकाच्या क्लबची तिकिटं काढत राहिले. आणि १७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रीकोर्ट यांच्या कंपनीने जाहीर केलं, की शहराच्या मध्यवस्तीत नव्या स्टेडियमची सोय झाली नाही, तर २०१९ पासून क्लब ऑस्टिनला हलवला जाईल.

या घोषणेला तीन वर्षं उलटून गेल्यावर, १२ डिसेंबर २०२० रोजी, तोच क्लब त्याच शहरात, त्याच जुन्या स्टेडियममध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचं अजिंक्यपद जिंकला. क्रीडाविषयक पुस्तकांत २०२०चा हा हंगाम करोनामुळे तुटक झालेला हंगाम म्हणून नोंदला जातो. माझ्या लेखी तो अमेरिकेतल्या आपल्या फुटबॉलचा सर्वांत मोलाचा हंगाम आहे, कारण तो खेळला जाऊ नये अशीच सगळी व्यवस्था आधी झालेली होती.

मुळात क्लब असा उचलून दुसऱ्या राज्यात नेता येतो कसा? इंग्लंड-जर्मनीचं फुटबॉल पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. आपल्याकडे कोल्हापूरकरालाही पडेल. पाटाकडील तालीम मंडळाचा संघ पुढच्या वर्षीपासून सोलापूरला खेळेल, असं कुणी सांगितलं तर शाहू स्टेडियमवर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. पण अमेरिकेतली ‘मेजर लीग सॉकर’ वेगळ्या मुशीतून आली आहे. १९९४च्या विश्वचषकाचं यजमानपद मिळवताना अमेरिकेने व्यावसायिक लीग उभारण्याचं वचन दिलं होतं. आधीची लीग १९८४च्या हंगामानंतर बंद पडली होती आणि गुंतवणूकदारांचे हात पोळलेले होते. म्हणून नवी लीग एकच कंपनी म्हणून उभी केली गेली. खेळाडूंचे करार क्लब करत नाही, लीग करते. ज्यांना आपण मालक म्हणतो ते कायद्याच्या भाषेत लीगमधले भागीदार. त्यांना एकेक संघ चालवण्याचा हक्क मिळालेला. पगारावर मर्यादा आहे, आणि तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. यामुळे लीग तगली, हे मान्यच करायला हवं. पण संघ म्हणजे हलवता येणारी मालमत्ता, ही समजूतही त्याच रचनेतून रुजली. २००५चा हंगाम संपताच सॅन होजेचा संघ ह्यूस्टनला गेला. त्याआधी २००२च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद करण्यात आले होते.

१९९६मध्ये दहा संघांनी लीग सुरू झाली, त्यात कोलंबस होतं. १३ एप्रिलला घरच्या पहिल्या सामन्यात त्यांनी डीसी युनायटेडला ४-० असं हरवलं. संघाच्या पहिल्या बोधचिन्हावर हेल्मेट घातलेले तीन बांधकाम मजूर होते. मोठ्या शहरांच्या मानाने हे शहर साधं. राज्याची राजधानी, मोठं विद्यापीठ आणि त्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलचं वेड. क्रूचे सुरुवातीचे सामने त्या विद्यापीठाच्याच अवाढव्य स्टेडियममध्ये होत. तिथे वीस हजार माणसं आली तरी मैदान रिकामं वाटे. करातून नवं क्रीडागृह बांधायला शहराच्या मतदारांनी १९९७मध्ये नकार दिला. तेव्हा क्लब चालवणाऱ्या हंट कुटुंबातल्या लामार हंट यांनी २ कोटी ८५ लाख डॉलर स्वतःचे घातले आणि राज्य जत्रेच्या सरकारी जागेवर स्टेडियम बांधलं. मे १९९९मध्ये ते उघडलं. या लीगसाठी खास फुटबॉलचं म्हणून बांधलेलं अमेरिकेतलं ते पहिलं स्टेडियम.

देखणं ते कधीच नव्हतं. पोलादी सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमची बाकं, सावलीचा पत्ता नाही, भोवती वाहनतळाचं डांबर. पण त्या बाकांवर हजारो माणसं पाय आपटू लागली, की सगळा मांडव दणाणून जाई. उत्तरेकडच्या कोपऱ्यात ‘नॉर्डेक’ नावाने उभे राहणारे चाहते नव्वद मिनिटं बसत नसत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघालाही हे मैदान लाभलं. २००१च्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, इथे मेक्सिको २-० असा हरला. २००५, २००९ आणि २०१३च्या विश्वचषक पात्रता सामन्यांतही मेक्सिकोविरुद्ध हाच निकाल लागला, तोही याच मैदानावर. २००८मध्ये अर्जेंटिनाच्या गियेर्मो बारोस स्केलोतोच्या जोरावर क्रूने लीगचं पहिलं अजिंक्यपद मिळवलं.

प्रीकोर्ट यांची तक्रार अशी, की प्रेक्षक कमी, प्रायोजक कमी, स्टेडियम जुनं. आकडे खोटे नव्हते. २०१७मध्ये सरासरी प्रेक्षकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास होती आणि लीगमध्ये ती तळाच्या संघांत मोडत होती. पण बाहेर जाण्याची वाट ज्याने आधीच मोकळी ठेवली होती, त्याने गावावर उदासीनतेचा ठपका ठेवावा, हे मला आजही पटत नाही. घरातल्या माणसाने सामान बांधून ठेवलं असेल, तर त्या घराची डागडुजी तो किती मनापासून करणार?

घोषणेनंतर पाच दिवसांनी नगरभवनासमोर लोक जमले. ‘सेव्ह द क्रू’ ही मोहीम तिथून पुढे फोफावली. खेळाडूंची अवस्था त्या आठवड्यात काय असेल? तरीही बाद फेरीत ते अटलांटाला गेले, ६७ हजार प्रेक्षकांसमोर गोलशून्य बरोबरी राखली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले. गोलरक्षक झॅक स्टेफनची ती रात्र होती. मग न्यूयॉर्क सिटीला दोन सामन्यांच्या बेरजेत ४-३ असं मागे टाकलं. विभागीय अंतिम लढतीत टोरोंटोकडून एका गोलाने हरले, आणि अजिंक्यपदाच्या सामन्याची दारं बंद झाली.

मोहिमेतलं मला सर्वांत भावतं ते तिचं काम. घोषणा, काळे-पिवळे झेंडे, गाणी हे सगळं होतंच; दुसऱ्या शहरांतल्या प्रतिस्पर्धी क्लबांच्या चाहत्यांनीही आपल्या मैदानांवर त्यांचे फलक धरले. पण रोजचं काम चालायचं ते वहीखात्यांत. वकील, लेखापाल, चित्रकार, संगणकाची माणसं नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी एकत्र बसत. नवा मालक आला तर आम्ही हंगामाची तिकिटं घेऊ, अशी लेखी हमी हजारो लोकांकडून गोळा केली गेली. स्थानिक दुकानदार, हॉटेलवाले, दारू गाळणारे छोटे कारखानदार यांना पाठिंबादार म्हणून नोंदवलं गेलं. बाजारपेठ नाही, या आरोपाला त्यांनी कागदावर उत्तर दिलं.

आणि एक कायदा होता. त्यामागे ओहायोची जुनी जखम आहे. १९९५मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. संतापलेल्या ओहायोने १९९६मध्ये कायदा केला. जो संघ करदात्यांच्या पैशावर पोसलेल्या मैदानात आपले बहुतेक घरचे सामने खेळतो आणि सरकारी आर्थिक साहाय्य घेतो, त्याला दुसरीकडे जायचं असेल तर संबंधित शहराची संमती हवी. नाहीतर सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यायची आणि त्या काळात स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यायची. वीस-बावीस वर्षं हा कायदा पडून होता. मार्च २०१८मध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल माइक डिवाइन आणि कोलंबस शहर यांनी त्याच्या आधारे कोर्टात दावा लावला. जागा सरकारी, तिचं भाडं, करात मिळालेली सूट, वाहनतळावर झालेला सरकारी खर्च, हे सगळे मुद्दे मांडले गेले. पुढे क्लबच्या विक्रीचा करार झाल्यामुळे खटला निकालापर्यंत गेलाच नाही. पण त्याने वेळ मिळवून दिला, आणि कोलंबसला नेमकी वेळेचीच निकड होती.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्टिनच्या नगर परिषदेने स्टेडियमचा करार ७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. कोलंबसमध्ये प्रेक्षक आणखी रोडावले होते. मालकाच्या खिशात पैसे घालायचे की नाही, यावरून कुटुंबाकुटुंबांत वाद होत. अखेर १२ ऑक्टोबर २०१८ रोजी बातमी फुटली, की क्लीव्हलँड ब्राउन्सचे मालक डी आणि जिमी हॅस्लम आणि क्रूचे अनेक वर्षांचे डॉक्टर पीट एडवर्ड्स यांचं कुटुंब मिळून क्लब घेण्याच्या बोलण्यात आहेत. डिसेंबरअखेर सौदा ठरला. प्रीकोर्ट यांना ऑस्टिनसाठी वेगळा, नवा संघ मिळाला. तो २०२१पासून खेळू लागला.

२०१९चा हंगाम पडता गेला. पूर्व विभागात दहावं स्थान, बाद फेरी हुकली. पण पाया त्याच वर्षी घातला गेला. टोरोंटोला अजिंक्य करणारे टिम बेझबाचेन्को अध्यक्ष म्हणून आले. ते मूळचे ओहायोचेच. प्रशिक्षक केलेब पोर्टर आले. हे नाव कोलंबसला दुखरं होतं. २०१५चा अंतिम सामना कोलंबसच्याच मैदानावर पोर्टर यांच्या पोर्टलँडने २-१ असा जिंकला होता. त्यातला पहिला गोल अर्ध्या मिनिटाच्या आत, गोलरक्षकाच्या पायातून चेंडू निसटल्यामुळे झालेला. त्या पोर्टलँडच्या मधल्या फळीतला डार्लिंग्टन नॅगबीही २०२०च्या हंगामाआधी क्रूमध्ये दाखल झाला. लायबेरियात जन्मलेला, ओहायोत वाढलेला, अ‍ॅक्रन विद्यापीठात पोर्टर यांच्याच हाताखाली घडलेला. आणि मेक्सिकोच्या तिग्रेसकडून क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजून लुकास सेलारायान आणला. हा अर्जेंटिनाचा, स्केलोतोच्याच जातकुळीतला दहा क्रमांकाचा खेळाडू.

मार्चमध्ये दोन सामने झाले आणि करोनाने लीग थांबली. जुलैत लीगचे संघ फ्लोरिडातल्या डिस्ने संकुलात कोंडून स्पर्धा घेतली गेली. तिथे क्रूने गटातले तिन्ही सामने जिंकले, सात गोल केले, एकही खाल्ला नाही. पुढे मिनेसोटाकडून पेनल्टींवर हरले. उरलेला हंगाम रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. २३ सामन्यांत ४१ गुण, पूर्व विभागात तिसरे.

बाद फेरीत त्यांच्या वरचे दोन्ही संघ, फिलाडेल्फिया आणि टोरोंटो, पहिल्याच सामन्यात हरले. क्रूने न्यूयॉर्क रेड बुल्सला ३-२ असं हरवलं. नॅशव्हिलला जादा वेळेत २-० असं हरवलं, तेही करोनाने काही खेळाडू बाहेर असताना, राखीव गोलरक्षकाला घेऊन. न्यू इंग्लंडविरुद्ध मधल्या फळीतल्या आर्तुरचा एकच गोल पुरला. अंतिम सामन्यात समोर गतविजेते सिअ‍ॅटल. त्यांचे साखळीतले गुण ३९, म्हणून सामना कोलंबसमध्ये. आणि दोन दिवस आधी कळलं, की नॅगबी आणि पेद्रो सांतोस करोनामुळे खेळू शकणार नाहीत.

नॅगबीच्या जागी १९ वर्षांचा एडन मॉरिस उतरला. अजिंक्यपदाच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळणारा तो सर्वांत लहान वयाचा खेळाडू. सिअ‍ॅटलच्या मधल्या फळीत निकोलस लोदेरोसारखा मुरलेला माणूस होता. मॉरिसने आणि आर्तुरने त्याला चेंडू घेऊन वळायला जागाच ठेवली नाही. पंचविसाव्या मिनिटाला उजवीकडून हॅरिसन अफुलचा क्रॉस आला आणि दूरच्या खांबाकडे धावत आलेल्या सेलारायानने तो न थांबवता मारला. सहा मिनिटांनी त्याच्याच पासवर डेरिक एटिएनने दुसरा केला. ८२व्या मिनिटाला सेलारायानने तिसरा. ३-०. वीस हजारांच्या स्टेडियममध्ये फक्त १,५०० लोकांना प्रवेश होता. ज्यांनी हा क्लब राखला, त्यांतल्या बहुतेकांनी तो विजय घरच्या टीव्हीवर पाहिला.

पुढची हकीकत थोडक्यात. मे २०२१मध्ये नव्या मालकांनी क्लबच्या नावातून ‘क्रू’ मागे सारून ‘कोलंबस एससी’ पुढे आणायचं ठरवलं; चाहते पुन्हा उभे राहिले आणि काही दिवसांत निर्णय फिरला. जुलैत मध्यवस्तीतलं नवं स्टेडियम सुरू झालं. २०२३मध्ये तिथेच लॉस एंजेलिस एफसीला २-१ असं हरवून क्रूने तिसरं अजिंक्यपद घेतलं; कर्णधार होता नॅगबी. मात्र सगळंच गोड झालं असं म्हणता येत नाही. त्याच हॅस्लम कुटुंबाने ब्राउन्सना क्लीव्हलँडमधून शेजारच्या उपनगरात न्यायचं ठरवलं, तेव्हा शहराने याच कायद्याचा आधार घेतला. २०२५मध्ये राज्याने कायदा बदलून तो केवळ ओहायोबाहेर जाणाऱ्या संघांपुरता ठेवला. सही होती गव्हर्नर डिवाइन यांची, ज्यांनी २०१८मध्ये कोलंबससाठी दावा लावला होता. तेव्हा चांगल्या मालकाच्या भरवशावर राहता येत नाही. मालक तोच असला तरी त्याची गरज बदलते.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं नाही. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती अशाच बंद रचनेवर. एफसी पुणे सिटीचा संघ बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळायचा. नारिंगी कपड्यांत जाणारी तरुण पोरं तिथे पाच हंगाम ओरडली. २०१९मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओदिशा एफसी झाला. पुण्याच्या चाहत्यांना सहा महिन्यांची सूचना मिळाली नाही, स्थानिकांना क्लब घेण्याची रीतसर संधी मिळाली नाही, आणि तशी मागणी करता येईल असं एकही कलम आपल्याकडे नव्हतं. आजही नाही.

बालेवाडीचं संकुल राज्याच्या पैशाने बांधलेलं आहे. महाराष्ट्रात ज्या ज्या सरकारी किंवा पालिकेच्या मैदानावर व्यावसायिक संघ घरचे सामने खेळतो, मग तो फुटबॉलचा असो, कबड्डीचा असो की क्रिकेटचा, त्या मैदानाच्या भाडेकरारात सहा महिन्यांची पूर्वसूचना आणि स्थानिक खरेदीचा पहिला हक्क ही दोन कलमं घालता येतात. त्याला नवा कायदाही लागत नाही. पुढचा करार होण्याआधी ती मागणी चाहत्यांनी, क्रीडा संघटनांनी आणि आमदारांनी करावी.