जाम नॉब आणि फवाऱ्याची भक्ती

हीटरचा नॉब फिरत नाही, असं कुणापाशी बोलायची सोय उरलेली नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं, "डब्ल्यूडी-४० मार की!" माझी गाडी एमजीबी. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनल्या, त्यांतली एक. इथे ऑक्टोबर सरला की हीटरशिवाय समोरची काच वाफेने पांढरी होते, त्यामुळे हा संवाद दरवर्षी ठरलेला. शेजारी हा सल्ला देतो, पुण्याहून मेव्हणा फोनवर हाच देतो, आणि दोघांनाही मी काहीतरी बाळबोध चूक करतोय अशी खात्री असते.

त्या डब्याशी माझं वैर नाही. सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ साली तो बनवला तो पाणी हटवायला आणि गंज रोखायला. नावातली आद्याक्षरं 'पाणी हटवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. त्यात वंगण अजिबात नसतं असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात; तेही चूक. वंगण असतं, पण हलकं. मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा, मागे उरतो तो तेलाचा पातळ थर. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. वर्षानुवर्षं घासणाऱ्या भागाला तो पुरत नाही, म्हणून तर तीच कंपनी लिथियम ग्रीस आणि सिलिकोनचे वेगळे डबे विकते.

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. फवारा मारतात कुठे? नॉबवर! जड लागतो नॉब, म्हणून दोषही नॉबचा. दार लागत नाही म्हणून कडीला तेल घालायचं आणि खाली फुगलेल्या चौकटीकडे बघायचंही नाही, तसली ही गत.

नॉबच्या मागे एक साखळी आहे. नॉब एक तार ओढतो किंवा ढकलतो. ती तार स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या नळीतून बॉनेटखाली जाते. तिथे पितळी खुंटीत स्क्रूने आवळलेली असते आणि ती खुंटी इंजिनाच्या हेडवरच्या कॉकचा दांडा हलवते. कॉक उघडला की गरम पाणी हीटरमध्ये येतं. दुसऱ्या नॉबची तार अशीच हवेच्या झडपेपर्यंत जाते. यातला एक सांधा अडला तरी बोटांना जाणवतं ते एकच: नॉब घट्ट.

म्हणून आधी साखळी तोडायची. इंजिन पूर्ण थंड असताना पितळी खुंटीचा स्क्रू सैल करा, तार मोकळी करा आणि नॉब फिरवा. फिरला? मग गुन्हेगार कॉक. नाही फिरला, तर तार किंवा नॉब. तार नॉबकडूनही सोडवली की तेही उलगडतं. दहा मिनिटांचं काम आहे. एवढं न करता पक्कड लावून नॉब पिळणाऱ्यांनी किती जुने डॅशबोर्ड फोडले असतील, देव जाणे.

तारेचं गणित तर बघण्यासारखं आहे. नळीतल्या तारेचं घर्षण एकूण किती अंशांतून वळण घेतलं यावर घातांकाने वाढतं. दोर खांबाला गुंडाळला की बोट जागेवर धरता येते, त्यामागचं सूत्र हेच. घर्षणांक ०.२ धरला, म्हणजे साधारण तेल लावलेलं पोलाद, तर अर्ध्या वळशाला लागणारा जोर जवळजवळ १.९ पट होतो. गंजून तोच अंक ०.५ झाला, तर ४.८ पट. नळीच्या तोंडाशी मारलेला फवारा आत कुठवर पोचणार? केबल काढा, उभी टांगा, वरून पातळ तेल थेंबथेंब सोडा आणि रात्रभर खाली वाटी ठेवा. सकाळी वाटीत काळं पाणी जमलं असेल तर समजा, इतकी वर्षं काय चाललं होतं. तारेला कुठे मुडपा पडला असेल तर मात्र सरळ करत बसू नका, नवी घाला.

नवी म्हणजे सायकलच्या ब्रेकची नव्हे. हा सल्लाही ऐकलाय. पिळाची तार फक्त ओढते, ढकलायला लागलं की वाकते. हीटर उघडेल, बंद होणार नाही. इथे एकेरी, ताठ तारच लागते. आणि बाहेरची नळी क्लिपमध्ये पक्की बसलेली हवी. ती सैल असली की तारेऐवजी नळीच सरकते आणि लोक कॉक बदलून मोकळे होतात.

बाकीचे समज थोडक्यात. हीटरने पेट्रोल जास्त जळतं: नाही, ती इंजिनाची वाया जाणारी उष्णता, वीज खातो तो पंखा. वापरला नाही तर टिकतो: उलट, न हलणारा कॉकच क्षार धरून बसतो, उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा फिरवावा. इंजिन तापलं की हीटर लावावा: हे हसण्यावारी नेतात, पण खरं आहे, हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. कुठलंही ग्रीस चालतं: खनिज ग्रीसने काही जातींचं रबर फुगतं, रबराजवळ सिलिकोन वापरा.

आणि झडप गंजली म्हणजे गाडी म्हातारी झाली, हा शेवटचा. एमजीबीत काचेपुढच्या जाळीतून हवा आत येते, पाऊसही येतो. तो वाहून जायला खाली एक रबरी नळी आहे. जाळीतून पडलेला पालापाचोळा ती बुजवतो, पाणी साचतं आणि हीटरच्या पेटीत उतरतं. माझ्या गाडीच्या नळीतून मी मूठभर चिखल काढला. त्यात एक अख्खं ओकचं फळ होतं.