फोन कोणी उचलायचा?

लेखमाला ‘वर्गाच्या आत’ : भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 पाहिलं. मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला त्या कलमाने बंदी आहे, आणि ती हवीच. आज प्रश्न दुसरा आहे. पालकच छळायला लागले तर शिक्षकाने कुणाकडे जायचं? त्यासाठी दक्षिण कोरियात जाऊ.

18 जुलै 2023. सोलच्या सोचो भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीच्या तरुण वर्गशिक्षिकेने शाळेतच जीव दिला. तिच्या नोकरीचं ते दुसरंच वर्ष. काही दिवस आधी वर्गात एका मुलाने दुसऱ्याच्या कपाळावर पेन्सिलीने ओरखडा काढला होता. त्यावरून पालकांचे फोन थेट तिच्या मोबाइलवर आले. आपला नंबर यांना मिळाला कसा, याची तिला धास्ती वाटत होती. पोलिसांना तपासात पालकांविरुद्ध गुन्हा ठरेल असं काही सापडलं नाही, हेही सांगायला हवं. पण हा मृत्यू कर्तव्यामुळे झाल्याचं सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत मान्य केलं.

शाळेच्या फाटकाशी पांढरी शेवंती आणि पुष्पचक्रं साचली, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटल्या. मग शनिवारमागून शनिवार काळ्या कपड्यांतले शिक्षक सोलच्या रस्त्यांवर येऊन बसू लागले. 4 सप्टेंबर हा तिच्या मृत्यूनंतरचा 49 वा दिवस; बौद्ध परंपरेत तो मृताला निरोप देण्याचा. तिथल्या सरकारी शिक्षकांना संपाचा हक्क नाही, म्हणून त्या दिवशी हजारोंनी रजा टाकली.

एवढी चीड एका घटनेची नव्हती. मुलांच्या छळाविरुद्ध 2014 पासून तिथे कडक कायदा आहे आणि ‘भावनिक छळ’ या शब्दांत काहीही बसवता येत होतं. मारामारी करणाऱ्या दोघांना ओढून वेगळं केलं, वर्गासमोर रागावलं, की तक्रार. तक्रार झाली की चौकशी पुरी होण्याआधीच शिक्षकाला पदावरून दूर करता येई. पुढे निर्दोष ठरला तरी मधले महिने कोण परत देणार?

21 सप्टेंबर 2023 ला संसदेने चार कायद्यांत दुरुस्त्या केल्या. शिस्तीसाठी योग्य रीतीने केलेली कृती म्हणजे छळ नव्हे. नुसत्या तक्रारीवरून, सबळ कारणाशिवाय शिक्षकाला पदावरून हटवायचं नाही. शिक्षकाला झालेला त्रास शाळेने दडपायचा नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच तरतूद : पालकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. शिक्षेची वर्षं वाढवण्यापेक्षा हे मोठं आहे, कारण शिक्षक खचतो तो एकटा पडल्यामुळे.

आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं. ते लोकसेवकांसाठी, खासगी विनाअनुदानित शाळेतल्या बाईंना त्याचा आधार मिळणं कठीण. महाराष्ट्राने डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 मध्ये कायदा केला, पत्रकारांसाठी 2017 मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं. शिक्षकांसाठी तसा वेगळा कायदा नाही. आणि रात्री दहाला येणाऱ्या फोनवर कुठलं कलम लावणार?

माझी नणंद अशाच एका शाळेत चौथीला शिकवते. गेल्या वर्षी एका आईने गणिताच्या तीन गुणांवरून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्याबद्दल वाट्टेल ते लिहिलं. ती ताटावर बसलेली, हातातला घास तसाच, नि शेजारी मोबाइल थरथरतोय, हे मी पाहिलं आहे. शाळेतून कुणीही त्या ग्रुपवर एक ओळ लिहिली नाही.

यंदा जूनपासून त्या शाळेने पालकांना कार्यालयाचा एकच नंबर दिला आहे. भेट बुधवारी, चार ते पाच, मुख्याध्यापिका समोर बसलेल्या. पहिल्याच बुधवारी ती आई आली. दोन्ही वह्या टेबलावर उघडल्या, वीस मिनिटांत बोलणं संपलं. नणंद मात्र अजून जेवताना मोबाइल पालथा ठेवते.