मूळ संख्या आणि गूढलेखन

मूळ संख्यांचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. त्यासाठी आपण वर्गात ही कृती घ्यावी. अर्ध्या वर्गाला 53 व 61 यांचा गुणाकार सांगावा. उरलेल्यांना केवळ 3233 ही संख्या देऊन तिचे अवयव विचारावेत. पहिला गट मिनिटभरात मोकळा होतो. दुसऱ्याचे 2 ते 47 या मूळ संख्यांनी केलेले पंधरा भागाकार वाया जातात. सोळावा, 53 चा, लागू पडतो. (त्यांची कुरकुर थांबवू नये, पाठाचा गाभा तीच आहे.) रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची 1977 मधील गूढलेखनपद्धती याच विषमतेवर उभी आहे: गुणाकार सर्वांसमोर ठेवला, तरी संदेश उलगडण्याची किल्ली अवयवांवाचून हाती येत नाही. त्यांनी तेव्हा आव्हान म्हणून दिलेल्या 129 अंकी संख्येचे अवयव 1994 मध्ये सापडले, तेही शेकडो संगणक कामाला लावून.