आकाशवाणी घरात कशी उतरवावी?

देवकीला सासरी पोहोचविण्यासाठी कंस स्वतः रथ हाकीत निघाला असता आकाशवाणी झाली, ही कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. त्या कथेत दडलेला एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो आवाज वरूनच आला, समोरून अगर मागून नव्हे, हे कंसाच्या कानांना कळले कसे? आज हाच प्रश्न साध्या कुटुंबापुढेही उभा राहतो. चित्रपटातला पाऊस छतावर वाजावा, विमान डोक्यावरून जावे, म्हणून दूरचित्रवाणी संचाच्या भोवती आणि वरही स्पीकर बसविण्याची सोय आता झाली आहे. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु स्पीकरांना ते असते, आणि समजून न घेता मोजलेले मोल फुकट जाते. आमचे कसे गेले ते पुढे सांगूच. तत्पूर्वी कानाची ओळख करून घेऊ.

उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी व किंचित मोठा ऐकू येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्यामुळे दोन कानांतील हा फरक फार तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांशाएवढा असतो. तेवढ्यावरून मेंदू डावे-उजवे ठरवितो. पण आवाज थेट समोरून आला किंवा थेट डोक्यावरून आला, तर दोन्ही कानांना तो एकाच वेळी व सारखाच पोहोचतो. अशा वेळी उपयोगी पडते ती कानाची पाळी. तिच्या वळ्या व खळगे उगाच नाहीत. आवाज त्यांवर आपटून आत शिरताना त्यातील काही उंच स्वर क्षीण होतात. विशेषतः ६,००० ते १०,००० हर्ट्झच्या आसपास हे घडते, आणि कोणते स्वर क्षीण व्हावेत हे आवाजाच्या उंचीप्रमाणे बदलते. ही खूण मेंदूने बालपणापासून पाठ केलेली असते.

हॉलंडमधील नाइमेखेन येथील संशोधकांनी १९९८ साली याचा पडताळा प्रसिद्ध केला. त्यांनी चार माणसांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून कानांचा आकार बदलला. लगेच त्यांना आवाजाची उंची ओळखता येईना. डावे-उजवे मात्र पूर्वीप्रमाणे कळत राहिले. काही आठवड्यांत मेंदू नव्या कानांना सरावला. साचे काढल्यावर जुनी विद्याही जशीच्या तशी शाबूत निघाली!

विद्यार्थिमित्रांनो, याचा लहानसा प्रयोग घरी करून पाहा. डोळे मिटून बसा व भावंडाला समोर, वर, मागे असा किल्ल्यांचा जुडगा वाजवावयास सांगा. मग दोन्ही पाळ्या बोटांनी दुमडून तेच पुन्हा ऐका. कानात मात्र काहीही घालू नये. नंतर किल्ल्यांऐवजी डग्ग्याचा घुमारा ऐका. किल्ल्यांमध्ये उंच स्वर भरपूर असतात, म्हणून त्यांची उंची कळते. घुमाऱ्याची नीटशी कळत नाही.

एवढ्यावरून स्पीकर निवडण्याचे दोन नियम निघतात. पहिला असा, की वरच्या स्पीकरने जमीन हादरविण्याची गरज नाही. ते काम खाली ठेवलेल्या सबवूफरचे. वरच्याने उंच स्वर स्वच्छ दिले पाहिजेत व त्याचे तोंड श्रोत्याकडे असले पाहिजे. दुसरा असा, की त्याचा नाद खालच्या स्पीकरांशी जुळता हवा. न जुळल्यास डोक्यावरून जाणारे विमान मध्येच आवाज बदलते. शक्य तर एकाच घडणीचे स्पीकर घ्यावेत. वयोमानाने उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. तेव्हा नातवाला वर ऐकू आलेला पाऊस आजोबांना समोर वाटला, तर हसू नये.

ही कल्पना हळूहळू घडत आली आहे. दोन स्पीकरांतून डावे-उजवे भासविण्याच्या युक्तीसाठी इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ साली पेटंटचा अर्ज केला. १९४० मध्ये डिस्ने यांच्या 'फँटेशिया'ने प्रेक्षकांना आवाजाने वेढले. २०१२ साली 'ब्रेव्ह' या चित्रपटाबरोबर डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत आली आणि २०१४ पासून ती घरांत उतरली. हिच्यात प्रत्येक आवाजाबरोबर त्याची जागाही नोंदता येते. कोणत्या स्पीकरने तो किती वाजवावा हे घरातील रिसीव्हर हिशेबाने ठरवितो. ५.१.२ असे लिहिलेले असेल तर कानांच्या पातळीवर ५, सबवूफर १ व वरचे २ असे वाचावे. बेल्जियममध्ये निघालेल्या ऑरो-३डी पद्धतीत नेमक्या डोक्यावरच्या स्पीकरला 'परमेश्वराचा आवाज' असे टोपणनाव आहे. म्हणजे आकाशवाणीच नव्हे का?

आता आमची फजिती. आमचे घर बेळगावातले जुने. वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. आम्ही हौसेने छताकडे तोंड केलेले स्पीकर आणले. ते आवाज वर फेकतात, छतावरून तो परावर्तित होतो व वरून आल्यासारखा भासतो. आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात, हे आम्ही वर्गात कितीदा घोकले होते! पण त्यासाठी छत सपाट व कठीण हवे, आणि त्याची उंची साधारण साडेसात ते बारा फूट असावी. आमच्या उतरत्या कौलांनी तो आवाज भलतीकडे धाडला. उरलेला वाशांत विखुरला. पैसे गेले आणि पाऊस काही डोक्यावर पडेना.

मग आम्ही कंपासपेटी उघडली. दोनच वरचे स्पीकर असतील, तर बसलेल्या श्रोत्याच्या कानापासून समोरच्या क्षितिजसमांतर रेषेशी ते ६५ ते १०० अंशांच्या कोनात असावेत. ८० अंश उत्तम. चार असतील, तर पुढची जोडी ४५ व मागची १३५ अंशांच्या सुमारास असावी. जोडीतील अंतर समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांच्या रेषेत ठेवावे. बसल्यावर आमचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतो. छपराखालची तुळई साडेनऊ फुटांवर. फरक ६ फुटांचा. ८० अंशांसाठी स्पीकर कानाच्या सुमारे एक फूट पुढे हवा. ४५ अंश हवे असते, तर काटकोन त्रिकोण समद्विभुज होऊन स्पीकर बरोबर ६ फूट पुढे आला असता. तुळई काही हलविता येत नाही. बाक हलविता येतो. ओळंबा सोडून आम्ही बाक सरकविला, दोन लहान साधे स्पीकर तुळईला लावले, आणि पाऊस डोक्यावर आला.

डोक्यावर वजन टांगावयाचे तर लाकूड वाळवीने पोखरलेले नाही याची खात्री जाणत्या सुताराकडून करून घ्यावी व स्क्रूंखेरीज आधाराची एक तारही बांधावी. सर्वांत शेवटी रिसीव्हरबरोबर मिळणारा मायक्रोफोन श्रोत्याच्या जागी ठेवून मोजणी करावी, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित थांबवून सर्वांचे आवाज एकदम कानी येतात.

खर्चाचा क्रमही ध्यानात असावा. पात्रांचे संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तोच अस्पष्ट असेल, तर वरचे स्पीकर घेणे म्हणजे पायाच्या आधी कळस चढविणे होय. ज्यांना यातले काहीच घेणे शक्य नाही, त्यांनीही खंत करू नये. आषाढाच्या रात्री दिवा मालवून कौलांवरचा पाऊस ऐकावा. त्याची उंची सांगणारी दोन यंत्रे प्रत्येकाला जन्मतःच मिळालेली असतात. ती मोठ्या आवाजापासून जपणे एवढेच आपले काम.