एक नाव, दोन धनी
डेटाबेसची भाषा : लेखांक सातवा

तक्त्यावर चालणारा एसक्यूएलचा हुकूम आणि त्याला वेढून असणारी क्रमवार आज्ञावली या दोन भिन्न व्यवस्था एकाच प्रोसीजरमध्ये कशा नांदतात, हे मागील लेखांकात पाहिले. दोन व्यवस्था एकत्र नांदू लागल्या, की हद्दीचा तंटा आलाच. कॉलमला नाव देण्याचा अधिकार तक्ता रचणाऱ्याचा, व्हेरिएबलला नाव देण्याचा अधिकार प्रोसीजर लिहिणाऱ्याचा. आणि दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत असल्यामुळे दोघांनाही तेच सुटसुटीत नाव सुचावे, यात नवल ते काय?

ओरॅकलने शिकाऊ मंडळींसाठी ‘एचआर’ नावाची जी नमुन्याची स्कीमा पुरविली आहे, तीतील एम्प्लॉयीज या तक्त्यात 107 ओळी असून लास्ट_नेम या कॉलमात ‘किंग’ हे आडनाव दोनदा येते. या तक्त्याची एक नक्कल करून घ्यावी, पीएल-एसक्यूएलच्या ब्लॉकमध्ये लास्ट_नेम याच नावाचे व्हेरिएबल जाहीर करून त्यात ‘किंग’ हे मूल्य भरावे, आणि ‘जेथे लास्ट_नेम = लास्ट_नेम असेल त्या ओळी काढून टाक’ अशा अर्थाचा डिलीट हुकूम सोडावा. लिहिणाऱ्याच्या मनात डावीकडचे नाव कॉलमचे व उजवीकडचे व्हेरिएबलचे असते. परंतु एसक्यूएल हुकुमातील नावाचा अर्थ लावताना ओरॅकल प्रथम तक्त्यात शोध घेतो, आणि नाव तेथे सापडले की व्हेरिएबलाची विचारपूसही करीत नाही. परिणामी प्रत्येक ओळीतील आडनाव त्याच ओळीतील आडनावाशी ताडून पाहिले जाते, ते अर्थातच जुळते, आणि 2 ओळींच्या जागी सर्वच्या सर्व 107 ओळी नाहीशा होतात. त्रुटीचा संदेश येत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. एक नाव मोठ्या लिपीत व दुसरे लहान लिपीत लिहून भेद राखण्याची युक्ती काही जण करतात. अवतरणचिन्हांत नसलेल्या नावांत ओरॅकल असा लिपिभेद मानीतच नाही, तेव्हा ती व्यर्थ होय.

मायएसक्यूएलचा कायदा नेमका उलट आहे. तेथे प्रोसीजरमधील स्थानिक व्हेरिएबलाचा हक्क आधी आणि कॉलमचा नंतर. वरीलच हुकूम तेथे दिला तर व्हेरिएबल स्वतःशीच ताडले जाईल, त्यात मूल्य असल्यास साऱ्या ओळी जातील, आणि ते नल असल्यास एकही जाणार नाही. एसक्यूएल सर्व्हरने मात्र प्रत्येक व्हेरिएबलाच्या माथी ‘ॲट’चे चिन्ह सक्तीचे करून हा कज्जा दाखल होण्यापूर्वीच निकालात काढला आहे, दिसायला ओबडधोबड, पण शहाणपणाची तजवीज.

अग्रक्रम कोणालाही दिला तरी निवाडा गुपचूप होतो, हा माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा दोष होय. म्हणूनच पोस्टग्रेसच्या मंडळींनी 2010 साली 9.0 या आवृत्तीत जो पालट केला, तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तोवर पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये व्हेरिएबलाची सरशी होत असे. त्या आवृत्तीपासून, नाव व्हेरिएबलाचेही असू शकते आणि कॉलमचेही, असे दिसताच सर्व्हर ते संदिग्ध ठरवून हुकूम बजावण्याचेच नाकारतो. ज्यांना जुना परिपाठ हवा असेल, त्यांच्यासाठी व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट ही सेटिंग खुली आहे, आणि एकेका फंक्शनपुरती सवलतही तिच्याच नावाने फंक्शनच्या शिरोभागी नोंदविता येते.

प्रचारात उपाय दोन. पहिला उपसर्गाचा : पॅरामीटरच्या नावापुढे ‘पी_’ आणि व्हेरिएबलाच्या नावापुढे ‘व्ही_’. तो सोपा आहे, परंतु केवळ वहिवाटीवर चालतो. दुसरा पात्रतेचा, म्हणजे टिंबाचा : कॉलमपुढे तक्त्याचे नाव किंवा त्याचे उपनाव, आणि व्हेरिएबलापुढे ब्लॉकचे लेबल अथवा फंक्शनचे नाव. जुन्या दप्तरात एकाच नावाचे दोन इसम निघाले म्हणजे कारकून ‘बिन’ घालून बापाचे नाव जोडीत असे, तसाच हा प्रकार. त्याची खरी किंमत पुढे कळते. फंक्शन लिहिले त्या दिवशी तक्त्यात ‘स्टेटस’ नावाचा कॉलम नव्हता, म्हणून त्या नावाचे व्हेरिएबल निर्वेधपणे चालले. पुढे कोणी तरी त्याच नावाचा कॉलम वाढविला, आणि फंक्शनच्या एकाही अक्षराला हात न लागता ओरॅकलमध्ये त्याचा अर्थ पालटला. दोन्ही बाजूंची नावे टिंबाने बांधलेली असतील, तर असा कब्जा होऊ शकत नाही.

पण टिंबाचीही मात्रा सर्वत्र चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘रिटर्न्स टेबल’ म्हणून जाहीर केलेले परतीचे कॉलम हे फंक्शनच्या आत व्हेरिएबलेच असतात. अशा फंक्शनने ‘आयडी’ परत करावयाचा असेल, आणि आत इन्सर्टच्या हुकुमात ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’पुढे कंसात ‘आयडी’ लिहिला असेल, तर संदिग्धतेची तक्रार येते. आणि त्या कंसात तक्त्याचे नाव जोडण्यास व्याकरणच मज्जाव करते. तेथे कंस सोडून कन्स्ट्रेंटचे नाव द्यावे, परतीच्या कॉलमचे नाव बदलावे, नाही तर वर सांगितलेली सवलत घ्यावी.

व्हेरिएबलाचा संबंधच नसताना, निव्वळ दोन तक्त्यांमध्ये हाच तंटा उपक्वेरीच्या आत उभा राहतो : आतल्या तक्त्यात नसलेला कॉलम बाहेरच्या तक्त्यातून निमूटपणे उचलला जातो. त्या प्रकरणाची सुनावणी पुढील लेखांकात.