शेड निवडण्याआधी डबा वाचा!
दिवाळीआधी जालन्यात घरोघरी रंगकाम निघते. शेडकार्डवर तासभर जातो, डब्यावरचा मजकूर मात्र क्वचितच कुणी वाचतो. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तसा उल्लेख डब्यावर पाहा. खरी काळजी दारे-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटची. त्यात शिसे असू शकते. कोरडे घासले की ते धुळीतून लहान मुलांच्या पोटात जाते, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. पेंटरला पाणी लावूनच घासायला सांगा, मुलांना त्या खोलीत सोडू नका. आतल्या भिंतींना इमल्शन बरे. डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्याने पुसले की उतरते. आणि ओल आलेल्या भिंतीवर महागडा रंगही फुगतो. आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या.