गाण्याला गुण कोणी द्यावेत?

हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगीताच्या समीक्षेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते साहजिक आहे. शाळा आम्ही सातवीत सोडली, आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर व मोर्च्यांच्या रस्त्यावर झाले. रागाचे नाव सांगा म्हटले तर आजही आमची फजिती होईल. परंतु एखाद्या गोष्टीचे मोल ठरते कसे, हा व्यवहार आम्ही तीस वर्षे जवळून पाहिला आहे. आपल्या या हळदीच्या मुलखात पोते बाजारात आले की व्यापारी मूठभर माल बाहेर काढतो, हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो, ओल अजमावतो आणि मग भाव बोलतो. तो भाव पटो न पटो, कशावरून बोललास एवढे शेतकऱ्याला विचारता येते.

आता वर्तमानपत्र उघडा. नव्या गाण्यांच्या संग्रहाला, ज्याला आज सर्रास आल्बम म्हणतात, पाचांपैकी साडेतीन तारे दिलेले असतात. इथे हळकुंड कोणी मोडले, आणि आत काय दिसले? आजचा आमचा विषय एवढाच आहे.

प्रथम आल्बम या शब्दाची हकीकत पाहू. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या लागत. त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड वहीत घालून विकीत. १९४८ साली अमेरिकेत जास्त वेळ वाजणारी तबकडी निघाली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. वही गेली, पण तिचे नाव राहिले. पुढे कॅसेट आली, मग चकती आली, आणि आता तर सारा संग्रह खिशातल्या फोनमध्ये आहे.

या तबकडीने समीक्षकाचा धंदाच बदलून टाकला. मैफल संपली की हवेत विरून जाते. तिच्याविषयी टीकाकार जे लिहील ते वाचकाने मुकाट्याने मानायचे, कारण पडताळा पाहण्यास दुसरी मैफल नाही. तबकडीचे तसे नाही. जी टीकाकाराने ऐकली तीच वाचकाच्या घरी वाजते. टीकाकार चुकला तर पकडला जातो. १९२३ साली कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकाराने इंग्लंडात ‘ग्रामोफोन’ नावाचे मासिक काढले. नव्या तबकड्या ऐकून कोणती घ्यावी हे गिऱ्हाइकाला सांगणे हे त्याचे मुख्य काम. तबकडी तेव्हा स्वस्त नव्हती. पैसे फुकट जाऊ नयेत, ही वाचकाची साधी निकड होती.

आपल्या मराठीतही ही विद्या उसनी राहिलेली नाही. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी आपल्या काळच्या गवयांविषयी निर्भीडपणे लिहिले. ते स्वतः गाणारे होते, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचे संगीत त्यांचेच. म्हणजे भाव बोलणारा माणूस स्वतः शेत कसलेला होता. दुसरे वामनराव देशपांडे. पेशाने हिशेबतपासनीस. १९६१ साली त्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक निघाले. स्वर आणि लय ही दोन टोके धरून त्यांनी घराणी त्यांमध्ये मांडली. किराणा स्वराच्या टोकाजवळ, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले आणि निम्मे समजले, हे कबूल करतो. पण एक गोष्ट पक्की समजली. आपले माप कोणते, हे वामनरावांनी आधी सांगितले आणि मगच मापले. माप उघड असले म्हणजे वाचकाला भांडता येते.

चांगला समीक्षक आजही याच रीतीने चालतो. संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच बहुधा त्याच्या हाती येतो. पहिल्यांदा तो नुसता ऐकतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसतो. गायकाने मागे काय केले त्याच्याशी ताडून पाहतो, शब्द वाचतो, गाण्यांचा क्रम असाच का लावला याचा विचार करतो, ध्वनिमुद्रणात वाद्यांनी गळा झाकला आहे काय हे तपासतो. शेवटी तो तीन प्रश्न विचारतो. या माणसाला काय करायचे होते? ते त्याला साधले काय? आणि ते करण्याजोगे होते काय? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो सर्वांत अधिक टाळला जातो.

यानंतर येतो आकडा. १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ याने शाळामास्तराप्रमाणे तबकड्यांना श्रेणी देण्यास आरंभ केला. पुढे ‘पिचफोर्क’ या अमेरिकन प्रकाशनाने शून्यापासून दहापर्यंत दशांशात गुण देण्याची प्रथा पाडली. २००४ साली ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ या आल्बमला तिथे साफ शून्य मिळाले आणि त्याच्या संगीतजीवनाला जबर धक्का बसला. २००१ पासून ‘मेटाक्रिटिक’ हे निरनिराळ्या समीक्षकांचे तारे व श्रेणी शंभराच्या मापात बसवून त्यांची सरासरी काढते, आणि त्यातही काहींच्या मताला अधिक वजन देते. घाईतल्या माणसाला आकडा सोयीचा असतो हे खरे. पण दोन टीकाकारांपैकी एकाने शब्दांसाठी गुण कापले आणि दुसऱ्याने तालासाठी, तर त्यांच्या सरासरीला अर्थ काय उरला?

खप म्हणजेही गुणवत्ता नव्हे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने गाण्यांना पायऱ्यांवर बसविले. लोकांना काय आवडते हे तिने सांगितले. का आवडते, हे सांगणे तिचे काम नव्हते. आज फोनवर दिसणारे ऐकणाऱ्यांचे लाखोंचे आकडे त्याच जातीचे.

हे सारे आम्ही दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यासाठी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अण्णा भाऊ साठे जयंतीच्या गायनस्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. कागदावर चार रकाने होते. सूर, ताल, उच्चार आणि सादरीकरण, प्रत्येकी पंचवीस गुण. बाजारातल्या हमालांचा एक संच गायला. मुख्य गाणाऱ्याचा गळा हळदीच्या धुरळ्याने बसलेला. आम्ही सुराच्या रकान्यात नऊ लिहिले. निकालानंतर तो जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, नऊ कशाचे ते तेवढं सांगा.” आम्हांला सांगता आले नाही. पुढच्या वर्षी तो संच आला नाही.

मग आठवले की त्याने ध्रुपद उचलले तेव्हा मंडपातली सारी माणसे त्याच्याबरोबर गात होती, आणि पाणी वाटणारी पोरे हंडे ठेवून उभी राहिली होती. शाहिरी गाण्याचा तोच हेतू असतो. त्यासाठी आमच्या कागदावर रकानाच नव्हता. माप चुकीचे होते, आणि ते आम्ही त्याला दाखविलेही नव्हते. जो माणूस मजुरीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मालकाकडे मागतो, त्यानेच आपल्या माणसाला बिनहिशेबी नऊ दिले.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची गाणी कॅसेटच्या काळात गावोगाव वाजली. हमालांनी ती अर्धपोटी राहून विकत घेतली. पण ज्या बारकाईने गवयाची एक तान तपासली गेली, त्या बारकाईने या गाण्यांची तपासणी नियतकालिकांत क्वचितच झाली. गौरव पुष्कळ झाला, परीक्षण थोडे. परीक्षण न होणे हीही एक प्रकारची उपेक्षाच, कारण ज्याला आपण गंभीरपणे घेतो त्याचेच दोष काढतो.

गेल्या दोन वर्षांपासून त्या स्पर्धेत आम्ही आकडे बंद केले आहेत. क्रमांक लावतो, पण प्रत्येक संचाविषयी पाच वाक्ये लिहून ती व्यासपीठावरून वाचून दाखवितो. याला वेळ लागतो आणि भांडणेही होतात. तो जुना संच यंदा परत आला. आमची पाच वाक्ये ऐकून तो गाणारा म्हणाला, “चार पटली. लय ढिली पडली म्हणता, ती आम्ही मुद्दाम सोडली होती.” आम्ही पुन्हा विचार केला. त्याचे बरोबर होते, आणि तसे आम्ही सर्वांसमक्ष सांगितले.

श्रोतेहो, घरी जाऊन कोणताही एक नवा संग्रह दोनदा ऐका आणि त्यावर पाच वाक्ये लिहा. मग त्याच संग्रहाचे वर्तमानपत्रातले तारे पाहा. ते तारे तुमच्या पाच वाक्यांना काय उत्तर देतात, ते आम्हांला पुढच्या व्याख्यानमालेत येऊन सांगा.